गेट वाजतं तेव्हा

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "हल्ली काय करतोस?" आणि मी सांगितलं की मोठ्या दुकानांच्या दारात ते चोरी पकडणारे खांब असतात ना, ते बसवतो आणि दुरुस्त करतो, की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला: "घरी एक शर्ट पडलाय बघ, टॅग तसाच राहिलाय, बिल सापडत नाही, काढून देशील का?" दुसरा, आवाज जरा खाली आणून: "मग चोर ते चुकवतात कसं रे?"

पहिल्याला मी सांगतो, दुकानात घेऊन जा. बहुतेक ठिकाणी मुकाट काढून देतात, कारण चूक त्यांच्या काउंटरवरची असते. घरी पक्कड आणि सुरी घेऊन बसू नका. काही टॅगांत शाईच्या बारीक कुप्या असतात, त्या फुटल्या की शर्टही गेला आणि हातही रंगले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. मावशीच्या यजमानांनी एकदा जेवणाच्या पंगतीत फारच लावून धरलं, तेव्हा म्हटलं, "काका, माझ्या कामात चोर फार थोडे येतात." त्यांना वाटलं मी लपवतोय. पण खरंच तसं आहे. माझे बरेचसे तास जे चोर नाहीत त्यांच्यासाठी गेट गप्प राहावं, ह्या खटपटीत जातात.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर पुण्यात एका डिस्ट्रिब्युटरकडे लागलो. ओळखपत्रावर सर्व्हिस इंजिनिअर लिहिलेलं असतं, दुकानात सगळे "टॅगवाले आले" म्हणतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, क्वचित औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, असा माझा मुलूख. कपड्यांची दुकानं जास्त, त्याखालोखाल सुपरमार्केट, मग चपला-बॅगा.

ह्या गेटचं मर्म मला नोकरीत लागल्यावर समजावलं ते आमच्या वरिष्ठांनी. ते हौसेने सतार वाजवत. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात, त्यांना कुणी छेडत नाही, पण वर त्यांचा सूर लागला की त्या आपसूक घुमतात. गेट म्हणजे वरची तार आणि टॅग म्हणजे तरफ. गेटचा एक खांब साधारण 7.4 ते 8.8 मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यात रेडिओलहरी सोडतो, खालून वर, वरून खाली, सेकंदाला कित्येकदा. टॅगच्या आत ॲल्युमिनियमच्या वर्खाचं चौकोनी वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो, आणि दोघांची जुळणी अशी केलेली की 8.2 मेगाहर्ट्झला ते घुमावं. बॅटरी नाही, चिप नाही. गेटच्याच लहरींतली चिमूटभर शक्ती घेऊन टॅग घुमतो, समोरच्या खांबाला तो घुमार ऐकू येतो आणि बीप होतं.

कागदी लेबल, ते चार सेंटिमीटरचं, वर उगाचच बारकोड छापलेलं, काउंटरवरच्या पॅडवरून सरकवलं की मरतं. त्याच्या कपॅसिटरमध्ये एका जागी दोन पत्रे मुद्दाम जास्त जवळ आणलेले असतात. पॅडचा जोरदार झटका बसला की नेमकं तिथलं प्लास्टिक फुटतं, पत्रे चिकटतात, सूर जातो. कपड्यांचा हार्ड टॅग मात्र मारायचा नसतो, काढून परत वापरायचा असतो. त्याच्या पिनेवर खाचा असतात आणि आत तीन बारीक पोलादी गोळ्या स्प्रिंगच्या जोरावर त्या खाचांत रुतून बसतात. ओढाल तितक्या घट्ट. काउंटरच्या लोहचुंबकावर टॅग ठेवला की गोळ्या मागे सरतात आणि पिन अलगद निघते. एवढंच आहे ते. गेटला शर्ट कळत नाही, किंमत कळत नाही, पैसे दिले की नाही ते कळत नाही, माणूस तर नाहीच नाही. 8.2 च्या आसपास काहीतरी घुमतंय, इतकंच त्याचं ज्ञान. बाकीचं सगळं दारातली माणसं त्याला चिकटवतात.

ही कल्पना अमेरिकेत 1960 च्या दशकात निघाली, एकाच वेळी दोनतीन डोक्यांतून. न्यूयॉर्ककडे आर्थर मिनासी होता, त्याने 1966 मध्ये नोगो नावाची कंपनी काढली. ओहायोतल्या ॲक्रन गावी रोनाल्ड असाफ एका किराणा सुपरमार्केटचा मॅनेजर होता. वाइनच्या बाटल्या उचलून पळालेल्या माणसामागे तो धावला, चोर सापडला नाही, पण त्यातून पुढे सेन्सरमॅटिक उभी राहिली, अशी कथा आमच्या धंद्यात सांगतात. मला त्या कथेत नेहमी एकच गोष्ट जाणवते, की असाफने माणूस पळताना डोळ्यांनी पाहिला होता. आमच्या गार्डला फक्त बीप ऐकू येतं.

आता रात्रीच्या कामाबद्दल. गेटची तक्रार दुकान चालू असताना नीट बघताच येत नाही. मॉल बंद झाल्यावर, फॅसिलिटी ऑफिसातून परवानगीचा कागद सही करून घेऊन, अर्धं शटर खाली ओढून बसायचं. एसी बंद, गाणी बंद, आणि अचानक दुकान फार मोठं वाटायला लागतं. खांबाचं झाकण काढून लॅपटॉप जोडला की पडद्यावर गेटच्या कानात काय पडतंय त्याचा आलेख दिसतो. शांत दुकानात ही रेघ जवळजवळ सपाट हवी. ती गवतासारखी उभी असली की समजायचं, आसपास कुणीतरी गोंगाट करतंय. मग एकेक एमसीबी पाडत जायचं. शोकेसचे दिवे बंद, बघ. जाहिरातीचा स्क्रीन बंद, बघ. कुठल्यातरी एका बटणाला रेघ पडते आणि आपण मनात म्हणतो, सापडलास.

गोंगाट करणारे बहुतेक वेळा स्वस्तातले पॉवर सप्लाय. एलईडीच्या पट्ट्यांमागे जे ॲडॉप्टर लपवलेले असतात त्यांत कंपनीने फिल्टरचे चार पैसे वाचवले की ते आमच्या पट्ट्यात कर्कशतात. गार्डने खांबाच्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावलेला असतो. काउंटरखाली एक्स्टेंशनची वायर गोल गुंडाळून ठेवलेली असते. काचेच्या दाराभोवतीची धातूची चौकट पूर्ण जोडलेली निघाली तर ती स्वतःच एक भलंमोठं वेटोळं होऊन गेटची शक्ती पिऊन टाकते, तिथे चौकटीत एका जागी रबराचा तुकडा घालून ती तोडावी लागते. अर्थिंगबद्दल तर बोलायलाच नको. तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी वायर आहेच, ह्यावर मी टेस्टर लावल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. आणि दिवाळी. दिवाळीत दारावर माळा लागल्या की आमचा फोन बंद होत नाही.

कधी कधी दोष ह्यांतल्या कशातच नसतो. दारातल्या पुतळ्याला टॅगसकट कुर्ता घातलेला असतो. नवा ऑफर स्टँड गेटपासून हातभर अंतरावर आणून ठेवलेला असतो आणि त्यावरचे सगळे टॅग गेटला दिवसभर हाक मारत असतात. मीटर-दीड मीटर मोकळी जागा सोडा, असं आम्ही बसवताना सांगतो. पण दारातली जागा ही दुकानातली सगळ्यात महागडी जागा, आणि मार्केटिंगवाले आमच्यापेक्षा वरच्या मजल्यावर बसतात.

नाशिकला एका दुकानात गेट फक्त संध्याकाळी वाजायचं. दिवसभर गप्प, दिवेलागणीनंतर सुरू. मॅनेजर तरुण होता, हुशार होता, आणि त्याची खात्री पटली होती की संध्याकाळच्या गर्दीत एक टोळी येते. मी पोचलो तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूला कॅमेऱ्यातून छापलेले चेहरे चिकटवलेले होते. बीप झालं तेव्हा दारात जे होते ते. एक कॉलेजची मुलगी, एक आजोबा, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, दोन पोरगे, अजून कोणी. रात्री बसून मी आतल्या सगळ्या एमसीबी पाडल्या तरी रेघ हलेना. बाहेर येऊन बघतो तर शेजारच्या फरसाणवाल्याच्या दर्शनी भागावर नवी रोषणाई, टायमरवर लावलेली. तो दुकान आवरतच होता. त्याला म्हटलं, "शेठ, दोन मिनिटं ही बंद करता का?" त्याने केली. आमची रेघ झोपली.

दुसऱ्या दिवशी आमच्या खर्चाने त्याला बरा पॉवर सप्लाय बसवून दिला, वायरीवर फेराइटचे मणी चढवले, प्रश्न मिटला. जाताना मी मॅनेजरला म्हटलं, "सर, आता ते फोटो काढून टाका." त्याने लगेच काढायला घेतले, खजीलही झाला होता. पण दोघा पोरांचे फोटो तसेच ठेवले. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "हे दोघं राहू द्या. हे तसे दिसतातच."

ह्या वाक्यानंतर मी काय बोललो ते महत्त्वाचं नाही, कारण त्याचा काही उपयोग झाला नाही. पण तेव्हापासून दुकानात गेलो की यंत्राच्या आधी मी गार्डकडे बघतो. बीप झाल्यावर त्याची नजर पहिल्यांदा कुठे जाते ते बघतो. दोन माणसं एकदम दारातून जात असतील तर तो कुणाला थांबवतो? इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाला बहुतेक वेळा हातानेच "जा, जा" होतं. पायांत स्लीपर असलेल्याला पिशवी उघडावी लागते. गार्डला दोष देऊन मी मोकळा होत नाही, तो बारा तास उभा असतो, एजन्सीचा पगार घेतो, आणि भलत्या माणसाला अडवलं तर त्याचीच नोकरी जाते. कुणाला अडवलं तर तक्रार होणार नाही, ह्याचा हिशेब त्याला करावाच लागतो. तो हिशेब त्याने शोधलेला नाही.

म्हणून बसवणीचं काम झालं की मी आता गार्डबरोबर बसतो. करारात हे नाही. आमच्या मॅन्युअलमध्ये अलार्मची कार्यपद्धती म्हणून एक पान आहे, इंग्रजीत, ते कुणीही वाचत नाही. मी एकच गोष्ट सांगतो: बीप झालं की आधी चूक आपल्या दुकानाची आहे असं धरायचं आणि तसंच बोलायचं. अंबाजोगाईकडचे एक गार्डकाका होते, त्यांनी माझं पाठांतराचं वाक्य ऐकून घेतलं आणि स्वतःचं बनवलं. दारात बीप झालं की हसून म्हणायचे, "ताई, आमची पोरं टॅग काढायचं विसरली वाटतं. या, मी काढून आणतो, तुम्ही बसा." पिशवी स्वतः उघडायचे नाहीत, ताईंना बिल आणि कपडा काढायला सांगायचे. ज्यांनी काही केलेलं नाही ते निवांत परत यायचे. आणि ज्यांनी केलेलं असायचं, तेही काउंटरपर्यंत यायचेच, नाही तर "अरे, हे राहिलंच वाटतं" म्हणून वस्तू ठेवून जायचे. दुकानाला माल मिळाला, तमाशा झाला नाही. मॅनेजरला मात्र वाटायचं काका फार मऊ आहेत.

खाजगी गार्डला कुणाची पिशवी हिसकावून तपासायचा अधिकार नाही, बायकांच्या अंगाला हात लावणं तर दूरच, हे बऱ्याच दुकानांत कुणाला माहीत नसतं. "चोरी करताना पकडले गेल्यास दसपट दंड" असे फलक मी पाहिलेत. असला दंड वसूल करायचा हक्क दुकानाला कुठल्या कायद्याने दिला, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात चोरीचं कलम 303 आहे. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी असेल, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. कायदा जिथे इतका सबुरीने बोलतो, तिथे आमच्या दुकानदारांच्या भिंती अजून दसपट दंड मागतात.

पण हे सगळं चोरी झाली असेल तर. मला दिसणारे बहुतेक बीप काउंटरवरच्या घाईचे असतात. शनिवारी संध्याकाळी रांग दारापर्यंत गेलेली, काउंटरवरची मुलगी दोन जीन्स एकावर एक ठेवून पॅडवरून सरकवते, खालची मरते, वरची जिवंत राहते. हार्ड टॅग एकाच कपड्याला दोन लागलेले असतात, एक बाहीला दिसणारा, एक आत, ती एकच काढते. तिला मी नावं ठेवत नाही, तिच्या डोक्यावर मिनिटाला किती बिलं ह्याचं गणित चालू असतं.

आणि मेलेली लेबलं परत जिवंत होतात. हे सांगितलं की लोकांना थाप वाटते. झटक्याने चिकटलेले ते दोन पत्रे फार नाजूक चिकटलेले असतात. जीन्सच्या आतल्या पट्टीत लेबल राहिलं, माणूस त्यावर बसला-उठला, चारदा धुतलं, घडी पडली, की तो सांधा कधी कधी सुटतो आणि लेबल पुन्हा 8.2 ला गायला लागतं. मग तो माणूस आपलीच महिनोन्‌महिने वापरलेली जीन्स घालून भलत्याच दुकानात शिरतो, आणि शिरतानाच बीप होतं. शिरताना वाजलं तर निदान हसण्यावारी जातं. कुणाच्या ध्यानात नाही आलं आणि जाताना वाजलं, तर त्या बिचाऱ्याने बिल कुठून आणायचं?

सोलापूरला हे माझ्यासमोर घडलं. दोघी बहिणी, धाकटीला नोकरी लागली होती म्हणून कुर्ते घ्यायला आलेल्या. दारात बीप. पिशवी उघडली, बिल बरोबर, टॅग नाही. परत जा म्हटलं, परत बीप. तोवर दुकानातल्या सगळ्या माना वळल्या होत्या. धाकटीने स्वतःहून पर्स उलटी केली, कुणी न सांगता, ओठ घट्ट मिटून. मी पुढे होऊन म्हटलं, "ताई, पिशवी इथे ठेवा आणि नुसत्या चालून बघा." नुसती चालली तरी बीप. मग पर्स ठेवून चालली, गेट गप्प. पर्सच्या अस्तरात, कारखान्यातच शिवलेलं लेबल. पर्स दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच दुकानातून, कधीतरी घेतलेली. मी हातातल्या टेस्टरवर ते लेबल तिला दाखवलं, कसं घुमतं तेही दाखवलं. मॅनेजरने सॉरी म्हणून कॉफीचं कूपन दिलं. मोठीने ते काउंटरवरच ठेवलं आणि कुर्त्यांचे पैसे परत मागितले.

त्या दिवसापासून माझ्या पिशवीत हातात धरायचा तो टेस्टर कायम असतो, आणि प्रत्येक दुकानाला मी तो घ्यायला सांगतो. काउंटरवर शंका आली तर माणसाला गेटमधून परत परत फिरवायचं नाही, वस्तूवरून टेस्टर फिरवायचा. फार महाग नाही तो. तरी दहातले आठ घेत नाहीत.

मालकांची मागणी नेहमी उलट दिशेची असते. "सेन्सिटिव्हिटी वाढवा." मॉलच्या आर्किटेक्टला दार ऐसपैस मोकळं हवं असतं, खांब शक्यतो दिसायलाच नकोत. हार्ड टॅगचं वेटोळं मोठं असेल तर दीड मीटरच्या पुढेही पकडता येतं, पण चिमुकल्या कागदी लेबलाला दोन खांबांत मीटरभराचं अंतर ठेवावं लागतं. दार रुंद, लेबल लहान, आणि चुकून वाजणं नाही, ह्या तिघांतली दोन मागा, मी देतो. तिन्ही मागितलीत तर गेट दर पाच मिनिटांनी वाजेल आणि आठवड्याने कुणी मान वर करणार नाही. हे बोलून दाखवलं की "तुमच्या कंपनीचा माल हलका दिसतोय" असं ऐकावं लागतं. कित्येक दुकानांत झाकण उघडल्यावर मला बझरची वायर उपटून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली सापडते. दिवा लुकलुकतो, आवाज नाही. कुणी केलं ते मी विचारत नाही. बिनकामाच्या आवाजात बारा तास उभं राहिलेल्या माणसाचा तो निकाल असतो, आणि पुष्कळदा तो माझ्या आलेखापेक्षा अचूक असतो.

टॅग कशाला लावायचा ह्यावरून मात्र बाजाराची नाडी चांगली कळते. सुपरमार्केटमध्ये काजू-बदामाच्या पुड्यांना लेबल, शेंगदाण्याला नाही. दाढीच्या ब्लेडच्या पाकिटाला आहे, साबणाला नाही. डिओडरंट, चॉकलेट, केसांचं महागडं तेल. तुपाच्या पत्र्याच्या डब्यावर लेबल चिकटवून एक मॅनेजर निर्धास्त होता. धातूवर चिकटलेलं लेबल बहिरं असतं, हे त्याला डबा गेटमधून नेऊन दाखवल्यावर पटलं. मग ते प्लास्टिकच्या झाकणावर गेलं. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात पैठणीला पिन लावायचा विषय मी काढला तेव्हा मालक गादीवरून अर्धे उठले. बरोबरच होतं त्यांचं. त्या रेशमात पिनेचं भोक म्हणजे साडी गेली. दोरीचा टॅग लावायचा ठरला, तर जरीच्या जड पदराच्या घडीत तो गुरफटला की धातूच्या तारेमुळे त्याचा सूर उतरायचा. शेवटी त्यांनी आपली जुनीच पद्धत ठेवली: साडी गादीवर उलगडून दाखवणारा एक माणूस, आणि घडी घालून परत ठेवणारा दुसरा. त्या दुकानात आम्ही गेट बसवलंच नाही. मला अजून वाटतं, त्यांची पद्धत आमच्याहून सरस आहे.

एका नव्या भानगडीबद्दलही सांगतो. आतून वर्ख लावलेल्या पिशव्या ओळखणारी गेटं आता मिळतात, धातूचा मोठा पृष्ठभाग दिसला की ती वेगळा इशारा देतात. कागदावर उत्तम. पण गरम राहायला म्हणून ऑफिसातल्या बायका-पुरुष ज्या डब्याच्या पिशव्या नेतात, त्यांना आतून तोच चंदेरी वर्ख असतो. संध्याकाळी सहानंतर अर्धं शहर संशयित. बाबागाड्या आणि सामानाच्या ट्रॉल्यांचंही तेच. मी जिथे जमेल तिथे ती सोय बंद ठेवायला सुचवतो, निदान गार्डच्या कानातच तो इशारा जाईल असं करून देतो.

हो, आणि गार्डचं स्टूल. ते खांबाला टेकून ठेवतात आणि मग वाट बघत बसलेले आजी-आजोबा त्यावर बसतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी ह्या गेटमधून नेहमीच्या चालीने निघून जावं, टेकून किंवा रेंगाळत उभं राहू नये, असं डॉक्टर सांगतात. स्टूल मी स्वतः उचलून लांब ठेवतो. पुढच्या फेरीला ते परत खांबाजवळ आलेलं असतं, कारण तिथे एसीचा झोत लागतो.

आता आरएफआयडी येतंय. दिसायला आमच्याच कुळातलं, पण ह्या टॅगमध्ये चिप असते आणि प्रत्येक टॅगला स्वतःचा क्रमांक. आपल्याकडे त्यासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 सालीच परवान्याविना मोकळा केलेला आहे. डेकॅथलॉनमध्ये टोपलीत वस्तू टाकली की बिल आपोआप बनतं ते ह्याच्यावरच. ह्या गेटला कळतं की बाहेर जाणारी वस्तू कुठली आहे आणि तिचं बिल झालंय का. बिल झालेली वस्तू टॅगसकट गेली तरी ते गप्प बसतं. ज्या गप्प बसण्यासाठी मी इतकी वर्षं रात्री घालवल्या, ते ह्याला जन्मतःच येतं, म्हणून मला ते आवडलं. ओल्या बाटल्या आणि धातूचे डबे त्यालाही जड जातात, पण कपड्यांत ते चोख चालतं.

पुण्यातल्या एका दुकानात आम्ही असं गेट नुकतंच चालू केलं. बीप झालं की पडद्यावर अक्षरं येतात: पुरुषांचा शर्ट, निळा, 40. मॅनेजरबाईंचं म्हणणं, पडदा ग्राहकाकडे तोंड करून लावा, म्हणजे वाद घालायला जागाच उरणार नाही. मी म्हटलं, मॅडम, मागच्या रांगेतल्या माणसांनाही तो वाचता येईल. त्या म्हणाल्या, मग येऊ दे की, चोरालाच लाज वाटेल. मी म्हटलं, काउंटरवर एका शर्टाचं बिल चुकून राहिलं तर लाज कुणाला वाटेल? त्यांनी हेड ऑफिसला मेल टाकला, मीही आमच्या साहेबांना टाकला. उत्तर यायचंय. तोवर पडदा मी गार्डच्या बाजूला वळवून स्क्रू आवळून ठेवलेत, आणि त्या स्क्रूंना लागतो तो पाना माझ्याच पिशवीत आहे.